घडीच्या पलीकडची यादी

दुपारचे दोन वाजून गेले आणि जयमालाचा ब्लाऊज ओला व्हायला लागला. म्हणजे घरी निकिता उठली असणार, भुकेनं आजीच्या खांद्यावर तोंड घुसळत असणार. घर काही लांब नव्हतं, दवाखान्यामागची तिसरी गल्ली. पण बाकावर अजून चार पेशंट होते आणि केसपेपर लिहायला तिच्याशिवाय कुणी नव्हतं. तिनं पदर पुढे ओढून घेतला आणि पुढचं नाव पुकारलं.

"रतनबाई श्रीमंत, टाकळवाडी."

पन्नाशीची, उन्हानं रापलेली एक बाई उठली. डाव्या डोळ्यावर पदराची घडी दाबून धरलेली. बरोबर तिचा मुलगा होता, छगन. त्याचं लक्ष सारखं घड्याळाकडं.

"काय झालं मावशी?"

"वाढं गोळा करीत हुते गुरांसाटी. उसाचं पान सपकन् डोळ्यात गेलं. आठ दिस झालं."

"आठ दिवस? मग इतके दिवस डोळ्यात काय घातलंत?"

हा प्रश्न केसपेपरवर छापलेलाच होता. तीन वर्षांत त्याचं खरं उत्तर जयमालाला क्वचितच मिळालं होतं. लोक 'काय बी न्हाई' म्हणायचे आणि आत गेल्यावर डॉक्टर मॅडमना पापणीखाली तेलाचा थर सापडायचा. रतनबाईंनी मात्र मान ताठ केली.

"समदं घातलं. लिवलंय तसं. पयलं दोन दिस आईचं दूध. मागच्या आळीत बाळंतीन हाय, तिच्याकडून वाटीत मागून आनायचे सकाळ-संध्याकाळ. मंग दोन दिस मध. मंग एरंडेल. मंग बनुबाईचं मोतीबिंदूचं आपरेशन झालतं, तिचं थेंब उरलं हुतं, ते घातलं. एक बी चुकवलं न्हाई."

"कुठं लिहिलंय असं?"

"डेरीच्या भितीवर. तुमच्याच दवाखान्याचा कागूद हाय की! बन्सी रोज सकाळी वाचून दावतो."

"येडी हाय ओ म्हातारी," छगन म्हणाला. "म्या म्हन्लं हुतं, दवाखान्यात चल. तर म्हनती, दवाखान्यानंच लिवलंय, मंग जायचं कशाला. आता अडानी मानसाला काय सांगावं?"

"तू गप रं. मी आसंन अडानी. बन्सी तरी मॅट्रिक हाय का न्हाई?"

बाकावरचे लोक हसले. जयमालाला हसू आलं नाही. तिचं पेन 'एरंडेल' या शब्दावर अडकून राहिलं होतं. दूध, मध, एरंडेल, दुसऱ्याचे थेंब. हाच क्रम. हा क्रम तिनंच लावला होता.

तिनं रतनबाईंचा हात धरला आणि रांग मोडून त्यांना थेट डॉक्टर अश्विनींच्या खोलीत नेलं.

*

श्रीरामपूरच्या त्या ट्रस्टच्या दवाखान्यात जयमालाचं काम दोन भागांत वाटलेलं होतं. दिवसभर केसपेपर लिहायचे, आणि उरलेल्या वेळात 'निगा' काढायची. 'निगा' म्हणजे डोळ्यांच्या आरोग्याचं चार पानांचं मासिक पत्रक. एकच मोठा कागद, मधोमध घडी घातलेला. महिन्याला पाचशे प्रती निघायच्या आणि एसटीच्या कंडक्टरांच्या हाती आजूबाजूच्या गावांतल्या दूध डेऱ्यांवर पोचायच्या. कारण रोज न चुकता माणसं जमतात अशी जागा गावात तेवढी एकच. उरलेला वेळ तिला कधी उरायचाच नाही. निकिता झाल्यापासून तर 'निगा'ची वाक्यं ती पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून, मांडीवर वही घेऊन लिहायची.

पण लिहायची ती जिवापाड. सुरुवातीलाच तिनं एका वहीच्या पहिल्या पानावर स्वतःसाठी नियम उतरवून ठेवले होते. डॉक्टरांनी वाचून सही केल्याशिवाय एक ओळही छापायची नाही. पेशंटचं नाव कधी छापायचं नाही. कुठल्या कंपनीच्या थेंबांचं नाव घ्यायचं नाही, मेडिकलवाल्यांनी जाहिरात देऊ केली तरी नाही. मजकूर कधी तपासला त्याची तारीख खाली द्यायची, म्हणजे जुना कागद कुणाच्या हाती पडला तर त्याला कळेल. आणि चूक झाली, तर पुढच्या अंकात त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात कबूल करायची. शेवटचा नियम लिहिताना तिला मोठी उभारी आली होती. चूक तोवर झाली नव्हती.

डॉक्टर मॅडमनी दिव्याच्या यंत्रातून रतनबाईंचा डोळा खूप वेळ बघितला. मग टेकून बसल्या. सकाळपासूनचा त्यांचा ऐंशीवा पेशंट असेल.

"बुरशी आहे, जयमाला. बुबुळावर पांढरा डाग, चांगला खोल. पानाबरोबर शिरलेली. दूध आणि मधानं तिला खायला घातलं, पण खरा घात केला तो त्या थेंबांनी. ऑपरेशननंतरचे थेंब ते, अशा जखमेत आग लावल्यासारखे. पहिल्याच दिवशी आल्या असत्या तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "दाखल करून घे. तासातासाला औषध. तीन आठवडे तरी."

"डोळा राहील?"

"डोळा राहील असं वाटतंय. नजर राहील का, ते विचारू नकोस आत्ता."

स्टुलावर बसलेल्या रतनबाई दोघींकडं आळीपाळीनं तोंड वळवत होत्या. "काय म्हनत्यात मॅडम? थेंब कमी पडलं का काय?"

*

जयमाला घरी पोचली तेव्हा निकिता रडून रडून लाल झाली होती. सासूबाईंनी, चांगुणाबाईंनी, काही न बोलता पोर तिच्या हातात दिली. जयमाला भिंतीला टेकून बसली, पोरीला छातीशी लावलं, आणि मोकळ्या हातानं फळीवरचा मागच्या महिन्याचा अंक ओढला.

दुसऱ्या पानाच्या अगदी तळाशी, ठळक अक्षरात: 'उसाचं पान डोळ्याला लागलं, तर पुढील गोष्टी कधीही करू नका.' तिथं पान संपत होतं. मग घडी. घडीच्या पलीकडं, तिसऱ्या पानाच्या माथ्यावर, छान चौकटीत यादी: डोळ्यात आईचं दूध घालणे. मध घालणे. एरंडेल सोडणे. दुसऱ्यासाठी दिलेले थेंब घालणे. खाली तारीख. खाली डॉक्टरांचं नाव, 'यांनी तपासले'.

शब्द न् शब्द बरोबर होता. तिनं तीनदा वाचलं. कुठंही एक अक्षर चुकलेलं नव्हतं.

मग तिला आठवलं. डॉक्टर मॅडमनी सही केली त्या कच्च्या छपाईत मथळा आणि यादी एकाच पानावर होती. त्यानंतर ट्रस्टचे सेक्रेटरी आप्पासाहेब यांचा शिबिराचं उद्घाटन करतानाचा फोटो आला. अक्षरजुळणी करणाऱ्या चेतननं जयमालाच्या घराशेजारच्या दुकानात फोन करून विचारलं होतं, "ताई, फोटो पहिल्या पानावर घ्यायला सांगितलाय. मजकूर थोडा खाली सरकतोय. पुन्हा बघायला येता का?" निकिताला त्या दिवशी ताप होता. जयमाला पोर कडेवर घेऊनच फोनवर उभी होती. "बसव रे तुझ्या हिशोबानं," ती म्हणाली होती. "मजकूर तर तोच आहे ना?"

मजकूर तोच होता.

"काय झालं गं?" चांगुणाबाईंनी विचारलं. "तोंड का उतरलं?"

जयमालानं सांगितलं. सांगताना तिला सासूबाईंकडं बघवेना. कारण त्या यादीतली पहिली ओळ ही दोघींच्या भांडणातून आलेली होती. निकिता दहा दिवसांची असताना तिचे डोळे चिकटले होते आणि चांगुणाबाईंनी जयमालाच्याच दुधाचे दोन थेंब त्यात पिळले होते. जयमाला केवढी तडकली होती! "आई, हे आता करायचं नाही. आमच्या दवाखान्यात रोज बघते मी." चांगुणाबाई चार दिवस बोलल्या नव्हत्या. पुढं यादी करायला बसली तेव्हा 'आईचं दूध' हे जयमालानं मुद्दाम वरती लिहिलं होतं. सासूबाईंना वाचता येत नव्हतं. तरीही.

आपल्यालाच बोल लावतील आता, जयमालाला वाटलं. लावू देत.

"भितीला चिकटवताना कागदाची एक बाजू भितीकडं जानारच की," चांगुणाबाई म्हणाल्या. "हे तुमच्या कुनाच्या ध्यानात नाय आलं?"

"नाही आलं."

"तुमी समदी हातात धरून वाचनारी मानसं." त्यांनी निकिताच्या पायातला मोजा सरळ केला. "जेवून घे आदी. पोर अंगावर पिती."

*

चेतनचा कॉम्प्युटर क्लास बसस्टँडसमोरच्या इमारतीत वरच्या मजल्यावर होता. जेवण उरकून जयमाला तिथंच गेली. ट्रस्टला सध्या नवीन ध्यास लागला होता: 'निगा' इंटरनेटवर टाकायची. एकोणीसशे नव्याण्णव साल सरत आलं होतं. दोन हजार लागायच्या आत नगर जिल्ह्यातल्या डोळ्यांच्या दवाखान्याचं पान साऱ्या जगाला दिसलं पाहिजे, असं आप्पासाहेबांनी मनावर घेतलं होतं. येत्या रविवारी उद्घाटन. मंडप ठरला होता, हार सांगितले होते.

"मराठी अक्षरं दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर नीट उमटत नाहीत, ताई," चेतन उत्साहानं दाखवत होता. "सगळे चौकोन दिसतात. म्हणून मी काय केलं, प्रत्येक पानाचं चित्रच घेतलं. हे बघा. इथं 'पुढे' दाबलं की पुढचं पान."

त्यानं दाबलं. पडद्यावर वरून खाली, हळूहळू, कुणी पडदा सोडावा तसं तिसरं पान उतरलं. एकटंच. डोळ्यात आईचं दूध घालणे. मध घालणे.

"याच्याआधीचं पान?"

"ते 'मागे' दाबलं की येतं. पण लोक काय, कुणी पाठवलं तर थेट या पानावरसुद्धा येऊ शकतात. तीच तर गंमत आहे इंटरनेटची."

जयमाला खुर्चीवर बसली. टाकळवाडीत एक भिंत होती. इथं किती भिंती असतील, आणि त्या कुठल्या एसटीनं गाठायच्या? तिनं चेतनला सगळं सांगितलं. त्याचा चेहरा पडला. "पण मी तुम्हाला फोन केला होता ताई," तो हळूच म्हणाला.

"केला होतास. मीच आले नाही."

संध्याकाळी आप्पासाहेब भेटले. माणूस वाईट नव्हता. दवाखान्याच्या जमिनीसाठी त्यांनी चपला झिजवल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा पुसला.

"बरं. मग ते पान काढून टाका. नवीन नीट करून घाला. रविवारच्या आत होईल ना?"

"होईल. पण चूक झाली होती हेही छापावं लागेल आप्पा. 'निगा'त त्याच जागी. आणि इंटरनेटवर पहिल्याच पानावर."

"पहिल्या पानावर? उद्घाटनाच्या दिवशी?" आप्पासाहेब हसलेच. "जयमालाबाई, लग्नाच्या पत्रिकेत कुणी नवऱ्या मुलाचा आजार छापतं का? अहो, शब्द तर सगळे बरोबर होते. त्या बन्सीनं कागद कसाही चिकटवला, त्याला आपण काय करणार? असं कबूल करत बसलो तर लोक म्हणतील, यांचं बाकीचंही चुकलेलं असेल."

"बाकी चाळीस गावांत तोच कागद आहे आप्पा. तिथंही भिंतीच आहेत."

"नवीन कागद पाठवा की. वरून चिकटवतील."

"नुसता नवीन पाठवला तर लोक दोन्ही खरे धरतील."

आप्पासाहेबांनी चष्मा चढवला. "माझ्या फोटोनं मजकूर सरकला, म्हणून रुसलात काय?" हे त्यांनी चेष्टेत विचारलं, पण आवाज जरा खाली गेला होता. "विचार करू. डॉक्टरांशी बोलतो. तोवर तुम्ही कुठं बोलू नका."

तिला वाद घालायचं बळ नव्हतं. पाठ दुखत होती, दूध पुन्हा दाटलं होतं. ती 'बरं' म्हणाली आणि निघाली. वाटेत वॉर्डात डोकावली. रतनबाई भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या. पायाशी बसलेला छगन शेजारच्या खाटेवरच्या माणसाला सांगत होता, "आपल्याच हातानं डोळा घालवला हो. गावात त्वांड दाखवायची सोय ठेवली न्हाई म्हातारीनं."

रतनबाईंनी पदर तोंडावर ओढून घेतला. दुपारची ती ताठ मान कुठं गेली होती कोण जाणे.

*

दुसऱ्या दिवशी पहाटे जयमाला साडी नेसत असताना चांगुणाबाई निकिताला टोपी घालून तयार उभ्या होत्या.

"तुम्ही कशाला आई? थंडी केवढी आहे."

"पोर भुकेली की तू अर्ध्यातनं पळून येशील. आज पळायला नगं."

टाकळवाडीच्या डेरीवर उजाडतानाच रांग लागलेली होती. कॅन, किटल्या, कानटोप्या. भिंतीवर फॅटच्या दराचा फळा, आणि शेजारी खळीनं नीट चारी कडा दाबून चिकटवलेले 'निगा'चे दोन अर्धे कागद. डावीकडं पहिलं पान, हार घातलेले आप्पासाहेब. उजवीकडं तिसरं पान, यादी. दुसरं पान आप्पासाहेबांच्या पाठीमागं, भिंतीला.

डेरीचा सचिव बन्सी तिला बघून खूश झाला. "या मॅडम! कागद फाटू नये म्हणून घडीवर कापून चिकटवला. रोज दोनदा वाचतो मोठ्यानं. ज्याला वाचता येत न्हाई त्याला बी पाठ झालंय. ए गोरक्षनाथ, सांग रं, डोळ्याला पान लागलं तर काय करायचं?"

रांगेतला एक म्हातारा शाळेतल्यासारखा म्हणाला, "आईचं दूध घालने. मध घालने. एरंडेल सोडने."

जयमालानं डोळे मिटले. आप्पासाहेब म्हणाले होते, कुठं बोलू नका. तिनं आपल्याजवळची सबंध प्रत उघडून बन्सीच्या पुढं धरली, घडीवर बोट ठेवलं. बन्सीनं वरची ओळ वाचली, मग खालची, मग पुन्हा वरची. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"म्हंजे... हे करायचं नव्हतं?"

"नव्हतं."

"अन् मी महिनाभर..." तो एकदम बसलाच, दुधाच्या कॅनवर. "रतनकाकूला मीच वाचून दावलं. दोनदा. ती म्हनली, बन्सी, हळू वाच, ध्यानात ठेवायचंय."

रांगेत कुजबुज सुरू झाली. काय झालं, काय म्हनत्यात मॅडम. जयमाला भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. तिला भाषण येत नव्हतं.

"ऐका जरा. हा कागद चुकलाय. बन्सीभाऊंनी चुकवला नाही, आम्ही चुकवला. 'हे करू नका' हे एका पानावर छापलं आणि काय करू नका ते दुसऱ्या पानावर. कागद मी बघायला हवा होता, मी बघितला नाही. डोळ्याला पान लागलं तर स्वच्छ पाण्यानं धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखान्यात यायचं. आत काही घालायचं नाही. दूध नाही, मध नाही, तेल नाही, कुणाचे थेंब नाहीत."

मग मागून एक बाई म्हणाली, "मंग आता तुमचं खरं कोन्चं धरायचं? त्या टायमाचं का ह्या टायमाचं? उद्या अजून तिसरं सांगशाल."

"आन् आमी तर पोरांच्या डोळ्यात दूध घालूनच वाढवली," दुसरी म्हणाली. "कुनाचा डोळा गेला न्हाई."

पहिल्या बाईचं बरोबरच होतं. तिच्या जागी जयमाला असती तर तिनंही हेच विचारलं असतं.

"म्या बी घातलंय," चांगुणाबाई बोलल्या. निकिता त्यांच्या खांद्यावर टोपीतून डोळे मोठे करून सगळ्यांकडं बघत होती. "हिच्याच डोळ्यात घातलं, ही दहा दिसांची हुती तवा. सुनेनं माझ्याशी भांडान केलं. मला लई राग आल्ता. पर ही बया सकाळधरनं आंधळी हुयाला आलेली मानसं बघती, मी काय बघते? अन् खोटं दडवायचं असतं तर ती एवढ्या थंडीत तानं लेकरू घेऊन तुमच्या दारात कशाला आली असती, सांगा की."

कुणी मान डोलावली, कुणी नाही. रांग पुढं सरकली, कारण टेम्पो यायची वेळ झाली होती. बन्सीनं खुरपं आणून कागद खरवडायला घेतला. खळ चांगली लागली होती. आप्पासाहेब तुकड्यातुकड्यांनी निघाले. तिसरं पान मात्र शेवटपर्यंत पुरतं निघालं नाही. 'घालणे' एवढं भिंतीवर राहिलंच. बन्सीनं त्यावर चुना फासला.

परतीच्या एसटीत जयमालानं निकिताला पदराखाली घेतलं आणि डोकं खिडकीला टेकवलं. दोन्ही बाजूंना ऊस. "चाळीस गावं आहेत आई," ती म्हणाली.

"हायेत तर हायेत. झोप जरा."

*

शुक्रवारी डॉक्टर अश्विनींनी आप्पासाहेबांना सांगितलं की त्या पानाखाली 'यांनी तपासले' म्हणून आपलं नाव आहे, तेव्हा चुकीच्या खालीही आपलंच नाव घाला. एवढंच. आप्पासाहेब बराच वेळ टेबलावर बोटं वाजवत राहिले. मग म्हणाले, "छापा. पण फोटो काढू नका माझा, म्हणजे झालं."

त्या दुपारी जयमाला कच्चा कागद घेऊन वॉर्डात गेली. रतनबाईंच्या डोळ्यावर हिरवं फडकं होतं. सकाळीच डॉक्टर मॅडमनी फडकं वर करून समोर बोटं धरली होती. "किती?" रतनबाई म्हणाल्या, "कायतरी हालतंय बाई. धुक्यात मानूस हालावं तसं." मॅडम 'छान' म्हणाल्या होत्या, पण बाहेर येऊन जयमालाला म्हणाल्या, "यापेक्षा फार वर येणार नाही आता."

"मावशी, तुम्हाला वाचून दाखवायचं होतं." जयमाला खाटेच्या कडेवर बसली. छगन दाराशी उभा होता. तिनं वाचलं. मागच्या अंकात 'निगा'नं चूक केली. करू नका असं सांगायच्या गोष्टी कराव्यात असं वाटेल अशा तऱ्हेनं छापल्या गेल्या. अंक शेवटचा तपासून घेतला नाही. टाकळवाडीच्या एका बाईंनी आमच्या कागदावर विश्वास ठेवून तसंच केलं आणि त्यांच्या डोळ्याला इजा झाली. दोष त्यांचा नाही, वाचून दाखवणाऱ्याचा नाही. आमचा आहे.

रतनबाई ऐकत होत्या. "एक बाई म्हंजे कोन?"

"तुम्हीच. नाव नाही घातलं. पेशंटचं नाव छापायचं नाही असा नियम आहे आमचा."

"नियम कुनी केला?"

"मी."

"मंग मोड." रतनबाई कोपरावर उठून बसल्या. "नाव घाल. रतनबाई श्रीमंत, टाकळवाडी. अर्ध्या तालुक्यात डेरीवर वाचत्याल ना? वाचू दे. म्हातारी येडी नव्हती, कागूद चुकला हुता, हे समद्यांला कळू दे. ह्याला बी कळू दे." त्यांनी हनुवटीनं दाराकडं दाखवलं. "का रं, आयकलं का? दोष माझा न्हाई आसं लिवलंय."

छगननं खाली बघितलं. "आयकलं," तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, "च्या आनू का आये?"

"आन. बाईला बी आन."

जयमालानं पेन काढलं. 'एका बाईंनी' खोडून वर नाव लिहिलं आणि कागद रतनबाईंच्या पुढं केला. त्यांनी जयमालानं धरलेल्या शाईच्या गादीवर अंगठा टेकवला, उजवा डोळा बारीक करून जागा शोधली आणि नावाशेजारी ठसा उमटवला. डॉक्टरांच्या सहीच्या वर.

संध्याकाळी चेतन नवीन अंक जुळवत बसला होता. पहिल्या पानावर चुकीची कबुली, खाली आप्पासाहेब, जरा लहान केलेले. आत जुन्या जागी पुन्हा तीच कबुली, मग यादी.

"ताई, हे असं वाचायला फार कंटाळवाणं होतंय," तो म्हणाला. "उसाचं पान लागलं तर दूध घालू नका. उसाचं पान लागलं तर मध घालू नका. उसाचं पान लागलं तर एरंडेल घालू नका. प्रत्येक ओळीत तेच तेच. वरती एकदा लिहिलं की झालं नसतं का?"

"होऊ दे कंटाळवाणं."

"आणि इतकं मोठं झालं की अर्धं पुढच्या पानावर जाईल."

"जाऊ दे. कुठूनही फाटलं तरी चालेल असं कर."

चेतननं मान हलवली आणि छपाईचं बटण दाबलं. यंत्र कुरकुरत एकेक ओळ काढू लागलं. निकिता जयमालाच्या मांडीवर पेंगत होती. तिनं एका हातानं पोरीचं डोकं सावरलं, दुसऱ्या हातानं निघालेला कागद धरला, घडी घातली, घडीवरच फाडला. मग दोन्ही तुकडे एकामागून एक, कुजबुजल्यासारखे, पहिल्यापासून वाचायला घेतले.